पार्क बघायला आलं

पहिलं कॅराव्हॅन पार्क आमच्याकडे बघायला आलं ते रविवारी सकाळी, आणि सांगितल्या वेळेच्या बरंच आधी आलं. पोह्यांना अजून फोडणी पडायची होती आणि मी बनियनवर दाढी करत होतो. खिडकीतून बघतो तर गल्लीच्या तोंडाशी सुरूची झाडं उभी, झाडांखाली वाळू, वाळूत गाड्या लावायचे चुन्यानं आखलेले चौकोन, आणि सगळ्यात पुढं तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आडवा दांडा असलेलं फाटक. फाटकाशेजारी पार्कचे मामा सफारी घालून उभे होते. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

माझी थोरली बहीण जिजी आदल्या दिवसापासूनच येऊन बसली होती. तिनं बाहेर एक नजर टाकली आणि म्हणाली, वेळेआधी येतात त्यांच्यात काहीतरी खोट असते. मग मला दाढी उरकायला सांगून ती दार उघडायला गेली.

आता पार्क आमच्याकडे का आलं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा काहीही बरळतोय.

आम्ही निफाडचे. निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचता, आम्ही ती झाडून काढतो. माझी बायको मंदा, हिचा श्वास गेल्या काही हिवाळ्यांपासून हवेत राहत नाही. तोंडाबाहेर पडला की गोठतो, खाली पडतो आणि फुटतो. एखादाच शब्द असला तर बांगडी फुटल्याएवढा आवाज होतो. लांबलचक वाक्य असलं तर शेजारचे येऊन विचारतात, काय पडलं. हिवाळाभर मी केरसुणी आणि सुपली घेऊन तिच्या मागं मागं हिंडतो आणि घमेलं भरलं की परसात नेऊन ओततो. ऊन चढलं की तुकड्यांचं पाणी होतं. तिथं लावलेला पुदिना मात्र झक्कास येतो, खोटं कशाला बोला.

मंदा म्हणजे बोलणारी बाई. सकाळी दुधावरून सुरुवात करते ती दुपारपर्यंत स्वतःच्या मावसबहिणीच्या लग्नात पोचते, आणि त्या लग्नातलं जेवण वाढून झालं की पुन्हा दुधावर येते. आमच्या घरात रेडिओ कधी नव्हता, लागलाच नाही. मला तिच्या बोलण्याची सवय आहे. ते नसलं तर मला जेवण उतरत नाही.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, माणसाला श्वास बेतानंच मिळालेला असतो आणि सांडलेला परत भरता येत नाही. हिचा गेल्या थंडीत फार सांडलाय. या हिवाळ्यात उबेच्या जागी न्या, नाहीतर होळीपर्यंत पुरायचा नाही. हे ते अगदी साध्या आवाजात बोलले, पथ्य सांगतात तसं. निघताना मी दवाखान्याची फरशी झाडून दिली, कारण मंदानं त्यांना बराच वेळ माहिती दिली होती.

माझी नोकरी एसटीत गेली. वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे डेपोतल्या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या सोडायच्या. आता स्वतःची गाडी सोडायची म्हटल्यावर मी शाळेची एक मोडीत निघालेली मिनीबस घेतली आणि परसात उभी करून तिची कॅराव्हॅन बनवली. पलंग मी ठोकला, शेगडीचा ओटा मी बसवला, टपावर पाण्याची टाकी मी चढवली. पडदे मंदानं शिवले, बारीक फुलांचे, आतून अस्तर लावून. मूलबाळ आम्हाला नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघं खुर्च्या टाकून तिच्याकडं बघत बसायचो, आणि मंदा तिचं नाव काय ठेवायचं यावर बोलायची. शेवटी तारा ठेवलं.

जिजीनं ताराला बघितलं, चारी बाजूंनी फिरून बघितलं, आणि विचारलं की हिला द्यायची कुठं. मी म्हटलं, द्यायची नाही, समुद्राच्या बाजूला एखादं पार्क निवडायचं आणि हिवाळा संपेपर्यंत तिथं राहायचं. निवडणार कसं, ती म्हणाली. मी म्हटलं, फोन करून. त्यावर जिजी अशी हसली की मला माझ्याच वयाची लाज वाटली. अर्ध्या तालुक्याची लग्नं तिनं जमवलीत. ती म्हणाली, असं फोनवर काही कळत नसतं, स्थळं बघावी लागतात, चार ठिकाणी शब्द टाकावा लागतो. आणि एक लक्षात ठेव नाथा, आपण मुलीकडचे. घर सोडून जी जाते ती मुलगी.

मला ते तेव्हा पटलं. खरं म्हणजे ऐकायला इतकं बरोबर वाटलं की मी विचारच केला नाही.

तर ते पहिलं पार्क. मामा आणि फाटक तेवढे सोफ्यावर मावले. बाकीचं पार्क जिन्यात थांबलं आणि वाळू पायरीपायरीनं घरात येत राहिली. पार्क स्वतः काही बोललं नाही. अबोल आहे, मामा म्हणाले, पण मनानं चांगलं आहे. ताराला धुऊन, झेंडूची माळ घालून मी दारासमोर उभी केली होती. मामांनी तिला दोन हात पुढं चालायला सांगितलं, मग मागं. उंची विचारली. दांड्याखालून जाईल ना म्हणाले. स्वयंपाक येतो का विचारलं, तर मी शेगडी पेटवून दाखवली. जिजीनं मग त्यांना विचारायला घेतलं. ऊन किती असतं? मामा म्हणाले, ऊन भरपूर, फक्त दुपारी लवकर संपतं, पश्चिमेला डोंगर आहे. जिजीनं माझ्याकडं बघितलं. मला खोट समजली.

तेवढ्यात मंदा पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि सवयीनं "घ्या ना" म्हणाली. दोन्ही शब्द बशीत पडून फुटले. मामांनी आपले पोहे चमच्यानं जरा बाजूला सारले आणि विचारलं की हे घराण्यातच आहे का. जिजी म्हणाली, छे, कोथिंबीर आहे.

जाताना जिजीनं त्यांना सांगितलं, "कळवतो." आमच्याकडं नाही कुणी म्हणत नाही. कळवतो म्हणतात आणि समोरचा काय ते समजतो. पण पार्कला ते समजलं नाही. मामा एसटीनं परत गेले आणि पार्क आमच्या गल्लीत वाट बघत राहिलं. पेपरवाला सायकल हातात धरून वाळूतून यायला लागला. शेजारच्या ढोमसेबाईंनी सुरूच्या झाडांना दोरी बांधून गोधड्या वाळत घातल्या. मला दूध आणायला जायचं तरी दर वेळी फाटकाचा दांडा उचलावा लागे, आणि तो दर वेळी आशेनं वर जाई. फार अवघड वाटायचं हो. शेवटी जिजीनं खाली जाऊन पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ते एकदाचं गेलं. वाळू अजून सापडते.

दुसरं पार्क शिकलेलं होतं. येताना पोहण्याचा तलाव घेऊन आलं, रंगीत दिवे घेऊन आलं, आणि मामांऐवजी त्याची मोठी वहिनी होती, गॉगल लावलेली. तिनं पोहे नको म्हटलं. मुलामुलीला जरा एकटं बोलू द्या, आता जमाना बदललाय, असं तिचं म्हणणं. जिजीला हे आवडलं नाही. पार्क आणि तारा गच्चीवर गेले. आम्ही खाली बसून छताकडं बघत होतो. तलावाचं पाणी वरून हिंदकळल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही. तारा खाली आली तेव्हा तिचे दिवे मंद होते. वहिनी पार्कशी दोन शब्द बोलली आणि आम्हाला म्हणाली की मुलगी छान आहे, पण मॉडेल जरा जुनं वाटतं.

मला काय राग आला म्हणून सांगू. मी म्हणणार होतो की तुमच्या तलावात शेवाळ आहे, मी बघितलंय. पण मंदानं माझा हात धरला. ती काही बोलली नाही, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती सकाळपासूनच काही बोललेली नाही.

थंडी पडली होती. बागाईतदार द्राक्षांच्या ओळीत शेकोट्या पेटवायला लागले होते आणि मंदा शब्द वाचवायला लागली होती. चहा झाला की कपावर चमचा वाजवायची. माझं काही चुकलं की नुसती बघायची. मावसबहिणीचं लग्न अर्ध्यावरच थांबलं होतं, वरात दारात आली होती आणि पुढं काही कळत नव्हतं. सुपलीत आता जेमतेम चिमूटभर तुकडे यायचे. घर इतकं स्वच्छ झालं की मला भीती वाटायला लागली.

म्हणून तिसरं पार्क आलं तेव्हा मी जिजीला सांगितलं, खोट काढू नकोस.

ते उशिरा आलं आणि उशिराबद्दल माफी मागत आलं. देवगडच्या खालच्या बाजूचं, खाडीकाठचं. लहानसं होतं, सगळंच्या सगळं दिवाणखान्यात मावलं. जांभ्या दगडाचा गडगा, दोन-चार माड, कोकमाची झाडं. त्याच्याबरोबर तिर्लोटकर नावाचे मामा होते, धोतर आणि वर स्वेटर. आत आल्या आल्या त्यांनी तो स्वेटर काढला. मग जिजीनं शाल काढली. मी कानटोपी काढली. पार्कच्या अंगातूनच ऊब येत होती, भाताच्या पातेल्यावरचं झाकण उघडल्यावर येते तशी.

मंदा पोहे घेऊन आली, दारात थांबली आणि म्हणाली, "अगबाई."

काही पडलं नाही. आम्ही सगळे खाली बघत होतो. शब्द हवेत होता आणि मग आपोआप विरला, तुमचा-आमचा विरतो तसा. मंदानं ट्रे खाली ठेवला. ती म्हणाली की या माडांना आळी नीट केलेली दिसतात, आमच्या मावसबहिणीच्या सासरी पण माड होते, आणि ती वरात दारात आली ना तेव्हा घोडं बुजलं, आणि घोडं का बुजलं तर नवरदेवाच्या काकांनी नवा बूट घातला होता, त्याचा करकर आवाज. ती बोलत राहिली. पोहे गार झाले. मी तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो, कारण माझे डोळे भरले होते आणि तिर्लोटकर मामांसमोर ते बरं दिसलं नसतं.

मामांना ताराची उंची वगैरे काही विचारायची नव्हती. पोर आवडली म्हणाले. देण्याघेण्याचं काय, असं जिजीनं रीतसर विचारलं. मामा म्हणाले, आम्हाला काही नको. फक्त आमच्या फाटकाबाहेर आंब्याची बाग आहे आणि हल्ली तिकडं थंडीच पडत नाही, मोहोर धरत नाही. तुमच्याकडं आहे तर थोडी द्या. जिजी म्हणाली, न्या की, लागेल तेवढी न्या.

लग्न आमच्याच दारात झालं. ताराचा बंपर आणि पार्कचं फाटक यांच्यामध्ये अंतरपाट धरला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला, दांडा वर गेला आणि ढोमसेबाईंनी सगळ्यात आधी अक्षता टाकल्या. सासरच्या रीतीप्रमाणं ताराचं नाव बदलून सात नंबर ठेवलं. थंडी आहेर म्हणून वेगळ्या टेम्पोत भरली, वर ताडपत्री बांधली. आमच्याकडची त्यानं रतीभरही कमी झाली नाही. निघायच्या वेळी ताराचे वायपर आपोआप सुरू झाले. काच कोरडी होती, तरी ते चालतच राहिले. मी तिच्या बोनेटवर हात ठेवून ढसाढसा रडलो, आणि मंदानं रडू आवरलं, कारण रडण्यात श्वास फार जातो.

गाडी वळणाआड गेली. मी घरात गेलो, दोन्ही बॅगा बाहेर आणल्या आणि पायात चप्पल घातली.

जिजी ओट्यावर बसून अक्षता वेचत होती. तिनं विचारलं, "तुम्ही कुठं निघालात?"

"पार्कात. हिवाळ्याला."

"लेकीच्या संसारात?"

मी बॅगा खाली ठेवल्या. जिजीनं मला समजावून सांगितलं, आणि ती काही वेगळं सांगत नव्हती, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमचे वडील जिजीच्या घरी गेले की अंगणात उभ्या उभ्या बोलून परत यायचे. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, तिच्या छपराखाली झोपायचं नाही, तिला मूल होईपर्यंत. तोवर आईबापाला तिचा उंबरा ओलांडता येत नाही. मी म्हटलं, जिजी, ती गाडी आहे. ती मी बनवलीय, आम्ही दोघांनी राहावं म्हणून. जिजी म्हणाली, होती. आता अक्षता पडल्यात.

हे लफडं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पार्क बघायचं ते माणूस बघतात तसं बघितलं, आणि त्या भरात आम्ही आमचीच गाडी देऊन बसलो. मी विचारलं, मूल कधी होतं गाडीला? जिजी म्हणाली, होतं, धीर धरावा लागतो, गाजऱ्यांच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या वर्षी ट्रॉली झाली. मी म्हटलं, दुसरं वर्ष कुणी बघितलंय. रीत तिनं काढलेली नव्हती आणि मोडणंही तिच्या हातात नव्हतं. ती अक्षता वेचत राहिली.

तिर्लोटकर मामांचा मधून मधून फोन यायचा. सून गुणाची आहे म्हणायचे. इकडं रात्री अंगावर चादरसुद्धा लागत नाही म्हणायचे. मी छान छान म्हणायचो आणि मंदाच्या अंगावर चौथी गोधडी टाकायचो. ती आता चमचाही वाजवत नव्हती. मी जेवायला बसायचो आणि ताट तसंच सारायचो. एकदा मी स्वतःच तिच्या मावसबहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगायला बसलो, पण मला जेवणापलीकडं काही आठवेना, आणि मंदा नुसती मान हलवून चुकतंय म्हणाली.

संक्रांत आली. पहिल्या संक्रांतीला लेकीला वाण द्यायला जाता येतं, दारापर्यंत. जिजी म्हणाली, चला, निदान बघून तरी येऊ. ताराच्या अंगावर घालायला काळं कापड घेतलं, आरशांना आणि वायपरना हलव्याचे दागिने करून घेतले, आणि आम्ही तिघं एसटीत बसलो. मंदाला मी दोन स्वेटर, शाल आणि माझी कानटोपी घातली होती. घाट उतरला तसे लोक अंगावरचं काढायला लागले. कंडक्टरनं खिडक्या उघडल्या. मंदाच्या गालावर जरा रंग आला आणि तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं, चला, इथवर आलो तरी पुष्कळ झालं.

पण आम्ही थांब्यावर उतरलो आणि मला समोरची थंडी ओळखू आली. आमचीच होती. रस्त्यापासून पार्कच्या फाटकापर्यंत आंब्याची बाग, आणि बागेत ती पसरून ठेवलेली. झाडं मोहोरानं वाकली होती. फाटकात जायला दुसरी वाट नव्हती. मंदाला मध्ये घेऊन आम्ही चाललो, मी एका बाजूनं, जिजी दुसऱ्या बाजूनं, आणि फाटकाशी पोचेस्तोवर मंदाचे ओठ निळे झाले होते.

दांड्याच्या पलीकडं माणसं अर्ध्या चड्डीत हिंडत होती. कुणी माडाखाली पत्ते खेळत होतं. सात नंबरच्या चौकोनात आमची तारा उभी होती, खिडक्या उघड्या, पडदे वाऱ्यावर हलत होते. तिनं आम्हाला बघितलं आणि इंडिकेटर लावला. दोन्हीकडचे एकदम.

तिर्लोटकर मामा धावत आले. या या म्हणाले, व्याहीबुवा, मोहोर बघितलात का, तुमचीच कृपा. आत चला. जिजी म्हणाली, आम्ही इथूनच बघतो. वाण तिनं दांड्यावरून त्यांच्या हातात दिलं. मामा म्हणाले, बरं, गूळपाणी तरी घ्या, आमचं पाणी घेतलं की दांडा आपोआप उचलतो. त्यांनी एक तांब्याभर पाणी आणलं, पेल्यात ओतलं, ताटात पेल्याशेजारी गुळाचा खडा ठेवला, आणि ते ताट दांड्यावर टेकवून धरलं.

आमच्यातल्या कुणी हात पुढं केला नाही.

मंदा ताराकडं बघत होती. मग ती बोलली. त्या दिवसातलं पहिलंच. ती म्हणाली, "पडदे उलटे लावलेत, अस्तर बाहेर आलंय, आणि डावीकडचा तर आखूड करून टाकलाय."

एवढं मोठं वाक्य, आणि खाली पडला तो जोंधळ्याच्या दाण्याएवढा कण. फुटलासुद्धा नाही. मी वाकून तो उचलला. तळहातावर धरला तर दिसेना. मी मंदाकडं बघितलं. तिचं तोंड उघडं होतं आणि पुढचा श्वास येत नव्हता. मग आला, अगदी थोडा. ती माझ्याकडं बघून हसायला गेली, आणि मला इतकी भीती वाटली की मी पेला उचलला.

"नाथा," जिजी म्हणाली. "ते पाणी पोटात गेलं की तुम्ही तिचे आईबाप राहत नाही."

"मग कोण राहतो?"

"कोणी नाही. पाहुणे."

तारा इंडिकेटर लावून उभी होती. तिच्या टपावरची टाकी मला इथून दिसत होती. ती चढवताना माझी पाठ धरली होती आणि मंदानं रात्रभर शेकली होती, बोलत बोलत. मी पेला मंदाच्या तोंडाशी धरला आणि म्हटलं, पी. तिनं मान हलवली, आधी तुम्ही, असं खुणावलं. माझ्याआधी ती कधी काही खायची-प्यायची नाही. मी म्हटलं, मंदा, पी.

जिजीनं आमच्याकडं पाठ केली. यंदा मोहोर छान धरलाय, ती आंब्यांना म्हणाली, आणि झाडाझाडाचा मोहोर बघत लांब गेली.

मंदा अर्धा पेला प्यायली. दांडा वर गेला. ती आत गेली, आणि दांडा खाली आला.

आत गेल्यावर ती थांबली, तिनं कानटोपी काढली आणि मोठा श्वास सोडला. काही पडलं नाही. ताराचा इंडिकेटर बंद झाला. मंदा सरळ तिच्याजवळ गेली, पडदा हातात घेतला, अस्तर चिमटीत धरून बघितलं, आणि म्हणाली की अगबाई, काय सुबक शिलाई आहे, कुणी शिवलेत हो हे, आणि किती बारीक फुलं, आमच्याकडं असलं कापड मिळतच नाही, मिळालं तरी धुतलं की रंग जातो, आमच्या मावसबहिणीच्या रुखवतात असाच एक पडदा होता. तिर्लोटकर मामांनी तिला खुर्ची दिली. पत्ते खेळणारे वळून बसले. मंदा बोलत होती. दूध, माड, घोडं, बूट, सगळं एकामागून एक येत होतं, कुठंही न अडता, आणि मी दांड्याला टेकून ऐकत होतो. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मध्येच तिचं लक्ष फाटकाकडं गेलं. तिनं हात डोळ्यांवर धरून नीट बघितलं.

"मामा, ते कोण गृहस्थ उभे आहेत हो? कुडकुडतायत बिचारे," ती म्हणाली. मग मलाच हाक मारली. "अहो, प्या ना ते पाणी आणि या आत. वरात आत्ताशी दारात आलीय."

मी पेला तोंडाला लावला. उरलेलं अर्धं पाणी माझ्या हातातच गोठलं होतं. मी पेला उपडा केला, ठोकला, थेंब पडला नाही. मग मी तो स्वेटरच्या आत काखेत दाबून धरला, आणि ती पुढं काय म्हणते ते ऐकत उभा राहिलो.